पेश्टिगो, विस्कॉन्सिन: एका लाकूडतोडीच्या गावाचा इतिहास (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पेश्टिगोचं नाव निघतं ते १८७१ च्या आगीमुळे, आणि प्रश्नही बहुतेक आगीबद्दलच येतात. पण आग समजायची तर आधी गावाचा धंदा समजून घ्यावा लागतो: पाइन कसा तोडत, नदीतून कसा आणत, कापताना किती वाया जाई आणि ते वाया गेलेलं कुठे टाकत. उत्तरांचा क्रम तसाच लावला आहे. घाई असेल तर सरळ आगीच्या प्रश्नांवर जा, पण भुशाचा प्रश्न मात्र वगळू नका.

पेश्टिगो नेमकं कुठे आहे?

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्याच्या ईशान्य भागात, मॅरिनेट काउंटीत. पेश्टिगो नदी गावाच्या मधून वाहते आणि पुढे काही मैलांवर ग्रीन बे नावाच्या खाडीला मिळते. ही खाडी म्हणजे मिशिगन सरोवराचाच एक फाटा. ग्रीन बे याच नावाचं शहर दक्षिणेला पन्नासेक मैलांवर आहे, त्यामुळे जुनी वर्णनं वाचताना खाडी की शहर हे एकदा तपासून घ्यावं. ईशान्येला मॅरिनेट आणि मेनॉमिनी ही जोडगावं आहेत. त्यांच्या मधली मेनॉमिनी नदी ओलांडली की मिशिगन राज्य लागतं.

घराण्याची कागदपत्रं शोधणाऱ्यांसाठी एक सूचना. मॅरिनेट काउंटी १८७९ मध्ये झाली. त्याआधी हा सगळा मुलूख ओकाँटो काउंटीत होता. आगीच्या काळातल्या जमिनीच्या आणि करांच्या नोंदी मॅरिनेटच्या कचेरीत शोधत बसलात तर हेलपाटेच पडतील.

गाव वसण्याआधी इथे कोण होतं?

मेनॉमिनी, म्हणजे इथले मूळ आदिवासी लोक. १८३६ च्या ‘सीडर्स’च्या करारात त्यांनी सुमारे ४० लाख एकर जमीन अमेरिकी सरकारकडे सोपवली. पाइनच्या जंगलावर गिरणीवाल्यांची नजर आधीच होती; कराराची शाई वाळली न वाळली तोच नद्यांच्या तोंडाशी पाण्यावर चालणाऱ्या सॉ मिल उभ्या राहू लागल्या. मेनॉमिनींचं पुढे काय झालं हे खाली वेगळ्या प्रश्नात आहे. त्यांनी जंगल कसं सांभाळलं हे वाचल्याशिवाय हा इतिहास अर्धाच राहतो.

गावाचा मालक कोण होता?

‘मालक’ हा शब्द इथे अगदी चपखल आहे. १८५० च्या दशकात विल्यम बटलर ऑग्डेन यांनी इथली गिरणी आणि भोवतालचं जंगल विकत घेऊन पेश्टिगो कंपनी उभी केली. हे गृहस्थ शिकागोचे पहिले महापौर (१८३७) आणि पुढे रेल्वेतले बडे प्रस्थ. शेजारच्या मॅरिनेटचे लाकूडव्यापारी आयझॅक स्टीफन्सन कंपनीचे भागीदार होते; ते नंतर अमेरिकेच्या सिनेटवर गेले. गिरणी, दुकान, कामगारांचं मोठं बोर्डिंग हाउस, बंदर, सगळं कंपनीचं. कामगाराची मजुरी कंपनीकडून आणि किराणाही कंपनीच्याच दुकानातून, म्हणजे पैसा फिरून तिथेच. १८७० च्या सुमारास वस्ती सतराशेच्या आसपास होती. कामाच्या हंगामात येणारे-जाणारे मजूर त्यात धरलेले नाहीत, आणि मृतांची संख्या मोजताना हाच आकडा पुढे नडला.

एवढ्या झाडांमध्ये व्हाइट पाइनच का?

कारण तो तरंगतो. ओला व्हाइट पाइन घनफुटाला साधारण ३६ पौंड भरतो आणि पाणी ६२. ओला मेपल ५६ च्या घरात: सुरुवातीला कसाबसा तरंगतो, मग पाणी शोषून तळाला जातो. ओला ओक तर ६३-६४ पौंड, तो टाकला की बुडालाच. रेल्वे जंगलात शिरेपर्यंत नदी हाच एकमेव रस्ता होता, म्हणून टणक लाकडाची झाडं पहिली चाळीस-पन्नास वर्षं बहुतांशी उभीच राहिली.

शिवाय पाइन सरळ वाढतो, दीडशे फुटांपर्यंत जातो, गाठी कमी, रंधा मारायला मऊ, आणि वाळताना फारसा वाकत नाही. शिकागोपलीकडच्या गवताळ प्रदेशात झाडंच नव्हती आणि घरं मात्र झपाट्याने उठत होती. बारीक चौकटी खिळ्यांनी जोडून घर उभं करायची पद्धत तेव्हा नुकतीच रुळली होती आणि तिला लागणाऱ्या फळ्या जवळजवळ सगळ्या याच जंगलांतून जात.

झाड तोडण्यापासून नदीकाठापर्यंत काम कसं चालायचं?

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात जमीन दलदलीची आणि डास-माशांचा सुकाळ. ओंडका ओढणं अशक्य. सगळा धंदा बर्फावर अवलंबून. ज्या हिवाळ्यात बर्फ कमी पडला त्या हिवाळ्यात तोडलेला माल जंगलातच अडकला, असा साधा हिशोब होता.

पहिल्या काळात झाड पाडायचे ते दोन कुऱ्हाडींनी. ज्या बाजूला पाडायचं तिकडे बुंध्याच्या साधारण एक तृतीयांश खोलीपर्यंत खाच, मग विरुद्ध बाजूने थोडा वरच्या पातळीवर दुसरा घाव. दोन घावांमध्ये राहिलेली लाकडाची पट्टी बिजागरीचं काम करते आणि झाड खाचेच्या बाजूला वळून पडतं. ही पट्टी एका बाजूने जास्त कापली गेली तर झाड फिरतं आणि भलतीकडेच येतं. दोघांनी ओढायची लांब करवत आधी फक्त पडलेल्या झाडाचे तुकडे करायला वापरत. झाड पाडायला ती १८७० च्या दशकानंतर रुळली, कारण तोवर दातांमधला भुसा बाहेर खेचणारे जादा दात करवतीला आले होते. करवतीला राळ चिकटली की बाटलीतून रॉकेल शिंपडायचं; पातं आवळलं जाऊ लागलं की मागून पाचर ठोकायची. सगळ्यात जास्त माणसं गेली ती वर अडकलेल्या सुट्या फांद्यांनी आणि दुसऱ्या झाडावर रेललेल्या झाडांनी. पडणाऱ्या झाडाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, वर लटकलेल्या फांदीकडे कुणाचं नसतं.

पडलेल्या झाडाच्या फांद्या छाटून सोळा फुटांचे ओंडके पाडत, पण प्रत्यक्षात तीन-चार इंच जास्त ठेवत. नदीतल्या खडकांवर आपटून ओंडक्याची टोकं केरसुणीसारखी फुटतात. ती गिरणीत छाटली तरी पूर्ण सोळा फुटांची फळी मिळायला हवी, म्हणून ही सूट.

मग ओढणं. १८६० च्या दशकात बहुतेक बैलच. बैल हळू, पण खोल बर्फात घाबरत नाहीत आणि चारा कोणताही चालतो. बर्फावर घसरू नयेत म्हणून त्यांना टोकदार नाल मारत. नाल मारताना बैल घोड्यासारखा तीन पायांवर उभा राहत नाही, त्यामुळे त्याला पट्ट्यांनी चौकटीत उचलून धरावं लागे. पुढच्या दशकांत घोडे आले आणि त्यांच्यासोबत बर्फाचे रस्ते: रात्री पाण्याची टाकी बसवलेली घसरगाडी फिरवून रस्त्यावर पाणी सोडायचं, ते गोठलं की त्यात घसरगाडीच्या पट्ट्यांसाठी दोन चर कोरायचे. अशा रस्त्यावर दोन घोडे पाच हजार बोर्ड फूट (लाकूड मोजायचं माप, खाली समजावलं आहे) माल ओढत, म्हणजे साडेसहा-सात टन. उतारावर हाच रस्ता जीवघेणा. तिथे वाळू किंवा सुकं गवत पसरण्यासाठी एक माणूस खास नेमलेला असे. गवत कमी पडलं तर गाडी घोड्यांच्या अंगावर येई. जास्त पडलं तर ती मध्येच रुते आणि मागच्या सगळ्या गाड्या खोळंबत.

जंगलातल्या मजुरांच्या तळावर खायला काय मिळायचं?

बीन्स, खारवलेलं डुकराचं मांस, पाव, काकवी, चहा. जेवताना बोलायला मनाई असे. उगाच भांडणं नकोत आणि माणसं लवकर उठून कामाला लागावीत, हा त्यामागचा हेतू. स्वयंपाकी वाईट निघाला तर मजूर सरळ दुसऱ्या तळावर जात, म्हणून त्याचा पगार साध्या लाकूडतोड्यापेक्षा जास्त.

एकाच नदीत अनेकांचे ओंडके. कुणाचा कोणता हे कसं कळे?

खुणांवरून. प्रत्येक मालकाची खूण सरकारदरबारी नोंदलेली असे. टोकांवर उठावाच्या लोखंडी हातोड्याने ती ठोकत, एकदा नव्हे तर अनेकदा, म्हणजे टोक फुटलं तरी एखादी खूण शिल्लक राही. शिवाय सालीवर कुऱ्हाडीने वेगळी खूण, कारण पाण्यात टोक दिसेलच असं नाही. नदीच्या तोंडाशी टोकाला टोक साखळीने जोडलेल्या लाकडांचा तरंगता बांध घालून सगळा माल अडवत आणि अरुंद वाटेतून एकेक ओंडका सोडत खुणेप्रमाणे वेगळा करत. टोक कापून नवी खूण मारणं हा चोरीचा सर्रास चालणारा प्रकार होता.

नदीतून ओंडके आणताना काय काय बिघडायचं?

जवळजवळ सगळंच.

एप्रिलमध्ये बर्फ वितळू लागला की काठावर रचलेल्या राशी पाण्यात ढकलत. वरच्या ओढ्यांवर लाकडी धरणं बांधून पाणी आधीच अडवलेलं असे. दारं उघडली की लोंढ्याबरोबर माल खाली येई. इथे वेळ साधणं हीच खरी कसब. सगळी धरणं एकदम उघडली तर पाणी वाहून जातं आणि ओंडके काठावरच्या झुडपांत फेकले जातात. वरचं धरण आधी आणि खालचं उशिरा उघडलं तर माल खालच्या धरणापाशी तुंबतो.

तुंबारा झाला की मागचे ओंडके एकमेकांवर चढत जात, पाण्याचा दाब वाढत जाई. बहुतेक वेळा एक-दोन ओंडकेच सगळं अडवून धरतात. ते शोधायचे, पीव्हीने उचकायचे आणि राशी हलली की पळायचं. पीव्ही म्हणजे जाड दांडा, पुढे लोखंडी टोक आणि बाजूला बिजागरीवर हलणारा आकडा. मेन राज्यातल्या जोसेफ पीव्ही नावाच्या लोहाराने ती १८५८ च्या सुमारास बनवली. तिच्याआधीच्या अवजाराचा आकडा इकडे-तिकडे झुलत असे, हिचा एकाच रेषेत हलतो, एवढाच फरक. पण ओल्या ओंडक्यावर उभं राहून काम करणाऱ्याला तो फरक जीव वाचवणारा. बुटांच्या तळाला अणकुचीदार खिळे. हे खिळे बोथट झाले की माणूस पाण्यात, आणि एप्रिलच्या त्या पाण्यात फार वेळ कुणी टिकत नाही.

सगळ्यात कंटाळवाणं काम शेवटच्या टोळीचं: काठावर, बेटांवर, वळणांत अडकलेले ओंडके कमरेइतक्या थंड पाण्यात उतरून परत प्रवाहात आणणं. पाणी ओसरण्याआधी ते झालं नाही तर माल पुढच्या वसंतापर्यंत तिथेच. उन्हाळाभर पडलेल्या पाइनला भुंग्याच्या अळ्या लागतात, लाकडात निळसर डाग उतरतात आणि भाव पडतो. एवढ्यासाठीच गिरणीजवळच्या साठ्यात लाकूड शक्यतो पाण्यातच ठेवत. बुडालेल्या लाकडाला ना अळी ना बुरशी.

बोर्ड फूट म्हणजे किती?

एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड. आपल्याकडे वखारीत जो घनफूट चालतो, त्याचे १२ बोर्ड फूट होतात.

गोल ओंडक्यातून किती फळ्या निघतील याचे ठोकताळे वेगवेगळे होते. त्यातला डॉइलचा नियम तोंडी करता येतो: लहान टोकाचा सालीआतला व्यास इंचांत घ्या, त्यातून ४ वजा करा, वर्ग करा, फुटांतल्या लांबीने गुणून १६ ने भागा. ओंडका सोळा फुटी असेल तर नुसता वर्गच उत्तर. १२ इंची ओंडक्याचे ६४ बोर्ड फूट, २० इंचीचे २५६, ३० इंचीचे ६७६. मेख अशी की बारीक ओंडक्याला हा नियम फार कमी भरतो. १२ इंची, सोळा फुटी दंडगोलात घट्ट लाकूडच सुमारे १५० बोर्ड फूट असतं, त्यातले ६४ च मोजले जातात. ३० इंचीत सुमारे ९४० पैकी ६७६. म्हणून विकणारा आणि घेणारा कोणता तक्ता वापरतात यावरून वाद ठरलेले. जुन्या वहीतला आकडा वाचताना आधी तक्ता कोणता ते पाहा.

पेश्टिगोत बनायचं काय?

फळ्या आणि पाट्या तर होत्याच, पण गावाची खरी ओळख लाकडी भांड्यांचा कारखाना. बादल्या, टब, झाडूचे दांडे, कपडे वाळत घालायचे चिमटे, छपराच्या लाकडी पाट्या. त्या काळी हा देशातला सर्वांत मोठा असा कारखाना गणला जाई.

माल शिकागोला कसा जाई?

गावापासून नदीच्या मुखावरच्या बंदरापर्यंत कंपनीचा स्वतःचा लोहमार्ग, तिथून जहाजं आणि टगने (ओढबोटीने) ओढलेल्या बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू नावा. अडचण होती डोर द्वीपकल्पाची. खाडीतून मिशिगन सरोवरात यायला उत्तरेकडे वळसा घालून ‘पोर्त दे मोर’ या खडकाळ सामुद्रधुनीतून जावं लागे, आणि तिथे जहाजं फुटणं नित्याचं. द्वीपकल्प मधोमध कापून स्टर्जन बे कालवा खणायचं काम १८७२ मध्ये सुरू झालं. पेश्टिगोच्या राखेनंतर वर्षभरातच. गाव जळालं तरी कंपन्यांना जंगलाचा हिशोब अजून मोठाच दिसत होता.

गावात एवढा भुसा कुठून आला?

गोल करवतीमुळे. वाफेवर फिरणाऱ्या गोल पात्याला ताठ राहण्यासाठी जाड असावं लागतं. ते पाव इंच लाकूड खाई, कधी जास्तच. एक इंची फळीमागे पाव इंच भुसा, म्हणजे सव्वा इंचातला पाव: लाकडाचा पाचवा हिस्सा. त्यात ओंडका चौकोनी करताना निघणाऱ्या सालीकडच्या फाळक्या वेगळ्या. बँड सॉ, म्हणजे पट्ट्याची करवत, १८८० च्या दशकात आली आणि हे नुकसान निम्म्यावर आलं. तोवर दर पाच झाडांतलं एक झाड भुसा होत होतं.

हा भुसा टाकायचा कुठे? बॉयलरमध्ये जाळून उरलेला गावभर. चिखल होऊ नये म्हणून रस्त्यांवर, दलदल बुजवायला, गाद्यांत भरायला. पदपथ फळ्यांचे, घरं पाइनची, छपरं पाइनची, पूल लाकडाचा. गावाबाहेर जंगलात तर शेंडे, फांद्या आणि साल गुडघाभर पडलेली. तोडलेल्या जागी कचरा तसाच सोडून पुढे जायचं हा सगळ्यांचाच रिवाज, कारण तो गोळा करायला खर्च येई आणि जमीन पुन्हा वापरायचीय असं कुणाच्या मनातही नव्हतं.

८ ऑक्टोबर १८७१ ला आग कशी लागली?

‘लागली’ म्हणण्यापेक्षा अनेक आगी एकत्र आल्या. त्या उन्हाळ्यात जुलैनंतर म्हणण्यासारखा पाऊस झाला नव्हता. दलदली सुकल्या होत्या आणि त्यांतलं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा जळणारा थर, जमिनीखाली धुमसत होतं. शेतकरी जमीन साफ करायला बुंधे जाळत होते. ग्रीन बे शहराकडून उत्तरेला येणाऱ्या रेल्वेसाठी जंगलातून पट्टा तोडला जात होता आणि त्याचा कचरा पेटवून देत होते. शिकाऱ्यांच्या आणि मजुरांच्या शेकोट्या होत्याच. सप्टेंबरच्या अखेरीस आग गावाच्या वेशीपर्यंत आली होती. लोकांनी बादल्यांनी पाणी मारून गाव वाचवलं. धुरामुळे खाडीतली जहाजं दिवसाढवळ्या भोंगे वाजवत चालत होती.

रविवारी, ८ तारखेला, पश्चिमेकडून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे नैर्ऋत्येकडून जोराचा वारा सुटला. सुट्या आगी जुळल्या. मोठ्या आगीवरची हवा तापून वर झेपावते, ती जागा भरायला चहूकडून वारा आत खेचला जातो, आणि मग आग स्वतःचा वारा स्वतः तयार करते. जळते तुकडे आगीच्या पुढे अर्धा-अर्धा मैल जाऊन पडतात. अशा वेळी खंदक, पाण्याच्या बादल्या, साफ केलेली पट्टी, सगळं निरुपयोगी. रात्री नऊ-दहाच्या सुमारास आग गावात शिरली आणि तासाभरात गाव संपलं. ओल्या, न वाळलेल्या लाकडाचं एक अर्धवट बांधकाम तेवढं उभं राहिलं.

लोकांनी जीव कसा वाचवला?

ज्यांनी वाचवला त्यांतल्या बहुतेकांनी नदीत उतरून. पण नदीही सुरक्षित नव्हती. पुलावर दोन्ही काठांची माणसं समोरासमोर आली, पलीकडची बाजू बरी असेल या समजुतीने; ढकलाढकली झाली आणि पूलही पेटला. पाण्यात उभ्या माणसांनी डोकं बाहेर काढलं की केस पेटत. ओली कांबळी डोक्यावर घ्यायची, ती मिनिटांत सुकत, पुन्हा भिजवायची. जळते ओंडके आणि कारखान्यातले टब पाण्यावरून वाहत येत होते. दुसरीकडे ऑक्टोबरचं पाणी इतकं गार की पाच-साडेपाच तासांनी बाहेर पडताना काही जण थंडीनेच गेले. फादर पीटर पेर्निन हे गावचे फ्रेंच पाद्री त्या रात्री नदीत होते. त्यांनी लिहून ठेवलेल्या हकिकतीत एका बाईचा उल्लेख आहे. तिने धरलेलं लाकूड पोहत आलेल्या गाईने उलटवलं, तिने गाईचंच शिंग धरलं आणि ती तगली.

विहिरीत उतरलेले बहुतेक गुदमरले, कारण वरची आग विहिरीतली हवाही ओढून घेते. अनेक मृतदेहांवर भाजल्याची खूणच नव्हती. तापलेली हवा छातीत गेल्याने माणसं गेली होती. कंपनीच्या बोर्डिंग हाउसमध्ये आसरा घेतलेल्यांपैकी कुणी वाचलं नाही.

एकूण किती माणसं गेली?

१८७३ मध्ये विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाला सादर झालेल्या यादीत १,१८२ नावं आहेत. अंदाज १,२०० ते २,५०० असे दिले जातात. एकट्या पेश्टिगो गावात आठशेच्या घरात. साडेतीनशेहून अधिक अनोळखी मृतांना एकाच खड्ड्यात पुरलं आहे. नेमका आकडा निघत नाही याचं कारण सरळ आहे: रेल्वेकामासाठी नुकतेच आलेले मजूर कुठल्याच वहीत नव्हते आणि ओळख पटवणारे शेजारीही मेले होते. बारा लाख एकर क्षेत्र जळालं. मनुष्यहानीच्या हिशोबात अमेरिकेच्या इतिहासातला हा सर्वांत भीषण वणवा.

खाडीपलीकडे डोर द्वीपकल्पावरची आग हीच का?

नाही. आग खाडी ओलांडून उडाली असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं, पण तिकडच्या आगी आधीपासून वेगळ्या धुमसत होत्या. त्याच वाऱ्याने त्या भडकल्या. तिथलं विल्यमसनव्हिल हे गिरणीचं छोटं गाव संपलं आणि पुन्हा वसलं नाही.

मग जग शिकागोच्या आगीबद्दलच का बोलतं?

शिकागो त्याच रात्री पेटलं. तिथे मृत्यू तीनशेच्या आसपास, पण वर्तमानपत्रं तिथे, तारा तिथे, विमा कंपन्या तिथे. पेश्टिगोची तार जळाली होती आणि बातमी बाहेर पडायलाच वेळ लागला. मंगळवारी, १० तारखेला, विस्कॉन्सिनची राजधानी मॅडिसनला तार पोहोचली तेव्हा गव्हर्नर लुशियस फेअरचाइल्ड आणि बाकीचे अधिकारी शिकागोच्या मदतीला गेलेले होते. कचेरीत उरल्या त्यांच्या पत्नी, चोवीस वर्षांच्या फ्रान्सिस फेअरचाइल्ड. त्यांनी शिकागोसाठी भरलेली मालगाडी उत्तरेकडे वळवली, आणि तीत पांघरुणं नाहीत हे लक्षात येताच शहरातल्या बायकांकडून कांबळी गोळा करून डब्यात भरली. सरकारी पद नसताना घेतलेला हा निर्णय त्या आठवड्यातला बहुधा सर्वांत उपयोगी निर्णय होता.

धूमकेतूचे तुकडे पडून आगी लागल्या, हे खरं आहे का?

नाही. ही कल्पना १८८० च्या दशकातली. लहान उल्का जमिनीवर पोहोचते तेव्हा गार असते. तिने रान पेटत नाही. आगी आठवडे आधीपासून जळत होत्या, त्यांना आकाशातून काडी लागायची गरज नव्हती.

जळालेला पाइन वाया गेला का?

सगळा नाही. वणव्यात साल करपते, शेंडा मरतो, पण खोडातलं लाकूड बऱ्याचदा शाबूत असतं. मात्र घाई करावी लागते: मेलेल्या पाइनला पुढच्याच उन्हाळ्यात अळ्या पोखरतात आणि डाग चढतात. त्यामुळे वणव्यानंतरचे एक-दोन हिवाळे अशा भागात तोड कमी होण्याऐवजी वाढते. काजळी लागलेल्या सालीने करवतीची धार लवकर जाते, हा वेगळा ताप.

गाव पुन्हा उभं राहिलं?

हो, पण आधीसारखं नाही. गिरणीचं काम पुन्हा सुरू झालं, लाकडी भांड्यांचा कारखाना मात्र परत आला नाही. ऑग्डेन यांचं शिकागोतलं घर आणि पेश्टिगोतला कारखाना एकाच रात्री गेला होता. १९०३ मध्ये पेश्टिगोला शहराचा दर्जा मिळाला, १९०४ मध्ये थॉम्पसन बंधूंनी होड्या बांधायचा कारखाना काढला, पुढे कागद गिरणीने गावाला अनेक दशकं पोसलं. आज लोकवस्ती साडेतीन हजारांच्या जवळपास आहे.

या आगीतून लाकूडधंद्याने काही धडा घेतला?

तेव्हा तरी नाही. १ सप्टेंबर १८९४ ला मिनेसोटातल्या हिंकलीत चारशेहून जास्त माणसं गेली. ऑक्टोबर १९१८ मध्ये मिनेसोटातल्याच क्लोकेत तसंच झालं. तिन्ही ठिकाणी कोरडा हंगाम, तोडीचा पडलेला कचरा आणि वारा.

जंगल संपल्यावर काय झालं?

कंपन्यांनी बुंध्यांनी भरलेली जमीन शेतीसाठी विकली. बुंधे डायनामाइटने उडवावे लागत, माती वाळूची, पिकाचा हंगाम तोकडा. अनेकांनी कर थकवले आणि जमीन सोडून दिली. १९२७ च्या कायद्यांनी काउंट्यांना अशा जमिनीवर जंगल राखायची वाट मिळाली. मॅरिनेट काउंटीचं जंगल आज दोन लाख एकरांहून मोठं आहे.

आणि मेनॉमिनींचं जंगल?

१८५४ च्या करारानंतर त्यांच्याकडे वुल्फ नदीकाठचा राखीव भाग उरला. तिथेही तोड होते आणि नीओपिटला १९०८ पासून गिरणी आहे. पण तोडायचं ते म्हातारं, रोगट आणि दाटीतलं झाड, आणि दरसाल वाढीपेक्षा जास्त नाही. १८५४ मध्ये जेवढं लाकूड उभं होतं त्याहून जास्त तोडून झालं, तरी आज उभं लाकूड तेव्हापेक्षा जास्त आहे. उपग्रहाच्या चित्रात या राखीव भागाची सरळ हद्द गडद हिरवी उठून दिसते. नकाशा उघडून स्वतः पाहा.

पाहायला काय आहे, आणि कधी जावं?

शिकागोहून साधारण २५० मैल. ग्रीन बे शहरापर्यंत आंतरराज्य महामार्ग ४३, पुढे महामार्ग ४१. अग्निसंग्रहालय जुन्या चर्चच्या इमारतीत १९६३ पासून आहे आणि शेजारीच ते सामूहिक दफन. तिथला १९५१ चा फलक हा विस्कॉन्सिन राज्याचा पहिला अधिकृत इतिहास-फलक. संग्रहालय हिवाळ्यात बंद असतं; मेअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात हा काळ धरा. आगीतून वाचलेल्या वस्तू मोजक्याच आहेत, पाच मिनिटांत बघून होतात. अवजारांच्या दालनात मात्र वेळ काढा.

नदीत जुना ओंडका सापडला तर घरी नेता येतो का?

परवान्याशिवाय नाही. विस्कॉन्सिनमध्ये बुडालेले ओंडके राज्याच्या सार्वजनिक जमिनींच्या मंडळाच्या अखत्यारीत येतात. परवाना घेऊन काढलाच, तर पहिल्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावा आणि ओंडका सावलीत ठेवा. शंभर वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड उन्हात ठेवलं की टोकापासून चिरतं, आणि मालकाची खूण नेमकी टोकावरच असते.